भाजलेलं लाकूड, वाद्यं आणि कोकणातला पावसाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या आमच्या सुतारशाळेत पेट्या (हार्मोनियम) आणि गिटारी बनतात, त्याहून जास्त दुरुस्तीला येतात. मिरगाचा पाऊस लागला की पंधरा दिवसांत फोन सुरू होतात: "मेस्त्रीनू, पट्टये अडकतत." हल्ली त्यात एक नवा प्रश्न मिसळला आहे. भाजलेल्या लाकडाची गिटार घेऊ का, पेटीला तसं लाकूड लावून द्याल का, आमच्या फणसाची फळी भाजून मिळेल का? फोनवर घाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून इथे सविस्तर लिहिली आहेत.

लाकूड भाजणं म्हणजे नेमकं काय करतात?

आधी लाकूड पूर्ण कोरडं करतात. मग हवा काढून टाकलेल्या बंद भट्टीत ते साधारण १६० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू तापवतात, काही तास त्या तापमानावर ठेवतात आणि तितक्याच सावकाश थंड करतात. हवेची जागा वाफ घेते किंवा नायट्रोजन, नाहीतर भट्टी निर्वात ठेवतात. प्राणवायू असता तर लाकूड पेटलं असतं. तो नसल्यामुळे ते पेटत नाही, पण आतून बदलतं. फळी कुठेही कापून पाहा, तपकिरी रंग आरपार गेलेला दिसतो.

बाजारात याला टॉरिफाइड, रोस्टेड, बेक्ड, थर्मली मॉडिफाइड अशी नावं आहेत. वाद्य बनवणारी यामाहा कंपनी आपल्या पद्धतीला ए.आर.ई. म्हणते, गिटारवाली मार्टिन व्हीटीएस. तपशील वेगळे असले तरी मूळ कल्पना एकच. ती वाद्यवाल्यांची नव्हे. अमेरिकेत १९४०च्या दशकात यावर प्रयोग झाले होते आणि १९९०च्या दशकात फिनलंडने ही पद्धत कारखान्यात नेली ती घराच्या बाहेरच्या फळ्यांसाठी, पावसाबर्फात त्या कुजू नयेत आणि वाकू नयेत म्हणून. वाद्यकार तिच्याकडे नंतर वळले. कोकणातल्या माणसाने हा क्रम लक्षात ठेवावा: पद्धत जन्मली ती ओलाव्याशी झुंजायला.

आमचं लाकूड सीझन केलेलं आहे. मग आणखी भाजायचं कशाला?

सीझनिंगने लाकडातलं पाणी जातं, लाकडाचा स्वभाव जात नाही. नेहमीच्या सुकवणीच्या भट्टीत तापमान बहुधा ५० ते ८० अंशांच्या आसपास असतं. त्यात फळी १० टक्के ओलाव्यावर आली म्हणजे काम झालं असं आपण मानतो. पण लाकूड आजूबाजूच्या हवेशी सतत देवघेव करत असतं. हवेची आर्द्रता ५० टक्के असली की साधं लाकूड सुमारे ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की १७-१८ टक्क्यांवर, ९०च्या घरात गेली की २०च्या जवळ. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हेच होतं. कोरड्या हवेत ठणठणीत असलेली फळी गणपतीपर्यंत दुप्पट ओली झालेली असते, मग ती वीस वर्षं जुनी का असेना.

नीट भाजलेलं लाकूड त्याच हवेत साधारण निम्मंच पाणी घेतं. सीझनिंग आणि भाजणं यांतला खरा फरक एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

आंबा निर्यातीच्या पॅलेटवर "एचटी" (हीट ट्रीटेड, म्हणजे उष्णता दिलेलं) असा शिक्का असतो. ते लाकूड वाद्याला चालेल का?

नाही. तो शिक्का किडींसाठी आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवला की शिक्का मिळतो. त्याने कीड मरते, लाकडाच्या रचनेत काही बदल होत नाही. नाव सारखं असल्यामुळे लोक फसतात.

तापवल्यावर लाकडाच्या आत काय बदलतं?

लाकडाचे तीन मुख्य घटक आहेत. सेल्युलोजच्या लांब साखळ्या त्याला ताठपणा देतात. लिग्निन सगळं घट्ट धरून ठेवतं. या दोघांच्या मधे असतं हेमिसेल्युलोज: आखूड, फांद्याफांद्यांचं आणि पाण्याचं भारी वेडं. काथ्याचा दोर डोळ्यांसमोर आणा. धागे म्हणजे सेल्युलोज. धाग्यांमधला जो मऊ भाग पाण्यात टाकल्याबरोबर फुगतो, ते हेमिसेल्युलोज.

उष्णतेला आधी बळी पडतं ते हेच. त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, सुटतं आणि ते आम्ल उरलेल्या हेमिसेल्युलोजची मोडतोड आणखी वेगाने घडवतं. पाणी धरून ठेवणाऱ्या जागा कमी होतात. लिग्निन मऊ होऊन पुन्हा नव्याने जुळतं. सेल्युलोजचा शिस्तीत रचलेला भाग बराचसा टिकतो, म्हणून ताठपणा फारसा ढळत नाही. काही टक्के वजन मात्र वायू होऊन निघून जातं. भट्टी उघडल्यावर येणारा करपलेल्या गुळासारखा, थोडा आंबूस वास याच मोडतोडीचा असतो.

यात एक नुकसान आहे आणि ते विक्रेते हळू आवाजात सांगतात: लाकूड ठिसूळ होतं. तापमान २००च्या पुढे गेलं की वाकवताना सोसण्याची ताकद १० ते ३० टक्क्यांनी सहज घटते, आणि धक्का सोसण्याची ताकद त्याहूनही जास्त. वाद्याचा कुठला भाग भाजावा आणि कुठला भाजू नये, हे या एका गोष्टीवर ठरतं.

कोकणात याचा प्रत्यक्ष उपयोग किती? आकड्यात सांगा.

पेटीची पट्टी घेऊ. रुंदी २२ मिलीमीटर, लाकूड साग. सागाची फळी पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडी होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसते आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. कोरड्या हवेपासून भर पावसाळ्यापर्यंत ओलाव्यात ८ ते ९ टक्क्यांचा फरक धरला तर आडव्या रेषांच्या (टोकाकडून पाहिल्यावर वर्षवलयं आडवी दिसतात अशा) फळीतून काढलेली पट्टी जवळजवळ ०.३५ मिलीमीटर फुगते. शेजारची पट्टीही तेवढीच फुगते. दोन पट्ट्यांमधली फट आधीच बारीक असते, त्यामुळे त्या एकमेकींना घासू लागतात आणि भजन रंगात आलेलं असताना एखादी पट्टी खाली जाते ती वर येतच नाही.

तीच पट्टी उभ्या रेषांच्या फळीतून काढली तर फुगणं ०.१५ मिलीमीटरवर येतं. त्यासाठी भट्टी लागत नाही, फक्त फळी निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात. म्हणून माझ्याकडे कुणी भाजलेल्या पट्ट्या मागितल्या की मी आधी रेषा बघतो. उभी रेष आणि वर भाजलेलं लाकूड अशी जोडी जमली, तर फुगणं ०.१ मिलीमीटरच्या आत राहतं आणि पट्टी अडकायचं कारणच उरत नाही.

आता गिटारची वरची पाटी. ४०० मिलीमीटर रुंद स्प्रूस (थंड प्रदेशातलं हलकं सूचिपर्णी लाकूड) उभ्या रेषांचं घेतलं, तरी त्याच हवाबदलात ते जवळजवळ ५ मिलीमीटर पसरू पाहतं. कडांना आणि आतल्या आधाराच्या पट्ट्यांना ते चिकटवलेलं असतं, त्यामुळे बाजूला पसरता येत नाही. मग ते वर फुगतं, घोडी उचलली जाते, तारा उंच होतात आणि बोटं दुखू लागतात. तीच गिटार मुंबईला घेऊन जा, एसी खोलीत महिनाभर ठेवा, की पाटी आक्रसते आणि चीर पडण्याची भीती. गावातल्या पावसापेक्षा गाव आणि एसी यांच्यातली ये-जा वाद्याला जास्त छळते. चाकरमान्यांच्या वाद्यांवर हे मी दरवर्षी बघतो.

भाजलेल्या लाकडात हे सगळं साधारण निम्म्यावर येतं. निम्म्यावर येतं, शून्यावर नाही.

आवाज खरंच सुधारतो का?

लाकडाच्या आवाजात दोन गोष्टी मोजता येतात. पहिली, ध्वनी त्यातून किती वेगाने धावतो. हा वेग ताठपणा आणि घनता यांच्या गुणोत्तरावर ठरतो. चांगल्या स्प्रूसमध्ये रेषांच्या दिशेने तो सेकंदाला ५,००० ते ६,००० मीटर असतो. भाजल्यावर घनता घटते, ताठपणा जवळपास तोच राहतो, म्हणून वेग थोडा वाढतो. दुसरी, कंपन लाकडात किती लवकर जिरतं. ओलं लाकूड कंपन लवकर गिळतं, कोरडं उशिरा. भाजलेलं लाकूड कमी ओलं राहत असल्यामुळे त्यात नाद जास्त वेळ रेंगाळतो. फळीवर बोटाने टकटक केली तर दोघांतला फरक शिकाऊ पोरालाही ऐकू येतो.

पण टकटक ऐकणं आणि वाद्य ऐकणं यांत अंतर आहे. पाटीची जाडी, आतल्या पट्ट्यांची मांडणी, घोडीचं वजन आणि मेस्त्रीचा हात या सगळ्यांचा वाटा लाकूड भाजण्याच्या वाट्यापेक्षा मोठा असतो. जाड ठेवलेली भाजलेली पाटी नीट तासलेल्या साध्या पाटीपुढे मुकीच वाटते.

कोकणासाठी आणखी एक सावधगिरी आहे. कोरड्या उष्णतेने मिळालेला फायदा दमट हवेत काही काळ राहिल्यावर काही अंशी परत जातो, असं जपानी संशोधकांना आढळलं आहे. रासायनिक मोडतोड कायमची असते, पण तापताना लाकडातले रेणू जे आखडून बसतात ते ओलावा मिळाल्यावर पुन्हा सैल होतात. हलक्या भाजणीत हा परत जाणारा वाटा मोठा. म्हणजे दुकानात ऐकलेला आवाज आणि दोन पावसाळ्यांनंतरचा आवाज तंतोतंत तोच असेल, अशी अपेक्षा ठेवू नका. मी स्वतः भाजलेलं लाकूड वापरतो ते वाद्य वर्षभर एकसारखं वागावं म्हणून. आवाजातला फरक मिळाला तर आनंदच आहे.

"शंभर वर्षं मुरलेल्या लाकडासारखं" असं जाहिरातीत म्हणतात. खरं आहे का?

साम्य आहे. जुन्या लाकडातही हेमिसेल्युलोज हळूहळू मोडतं, रंग गडद होतो, पाणी घेण्याची ओढ कमी होते. जपानातल्या होर्यूजी या तेराशे वर्षांच्या मंदिराच्या लाकडामुळे या विषयाला तिथे चालना मिळाली. पण थंड हवेत शतकभर चाललेली क्रिया आणि काही तासांत उरकलेली क्रिया एकच नसते. मोडतोडीचं प्रमाण आणि क्रम बदलतो, आम्लही फार जास्त सुटतं.

यातला धोका जुना आहे. १९व्या शतकात युरोपातल्या काही व्हायोलिनकारांनी नव्या लाकडाला जुनेपण आणायला ते भाजून पाहिलं. सुरुवातीला कौतुक झालं, पुढे त्या लाकडाचा ठिसूळपणा उघड झाला. आज तापमान आणि प्राणवायू यांवर ताबा ठेवता येतो, हा मोठा फरक आहे.

पखवाज किंवा तबल्याचं खोड भाजून मिळेल का? पावसात पखवाज उतरतो.

हा प्रश्न भजनी बुवांकडून सर्वांत जास्त येतो आणि त्याला मी नाही म्हणतो. पावसात पखवाज उतरतो तो पुडीमुळे. चामडं आणि वादी ओलावा पितात, सैल पडतात, शाईवरही परिणाम होतो. खोडाचा त्यात हात जवळपास नाही. खोड कितीही भाजलं तरी पुडी चामड्याचीच राहणार.

दुसरं कारण धोक्याचं. खोड जाड असतं. बाहेरचा थर तापून आक्रसतो तेव्हा आतला अजून गारच असतो, आणि फळीसाठी चालणारी तापमानाची चढण इथे चालत नाही. मी एकदा फणसाचा हातभर ओंडका तापवून पाहिला. बाहेरून तो सुरेख तांबूस झाला होता. कापला तेव्हा आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या चिरा निघाल्या. तसा ओंडका पखवाजासाठी कोरला असता तर गट्ट्यांवर हातोडी पडल्यावर काठ उडाला असता. सूर मिळवताना ज्या लाकडावर रोज ठोकायचं, ते ठिसूळ करू नये.

खोडासाठी जुनीच रीत बरी: ओंडका आतून अर्धवट कोरून ठेवायचा, दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावायचा आणि सावलीत सावकाश सुकू द्यायचा. पुडीसाठी पावसाळ्यात वाद्य कपड्यात गुंडाळून कोरड्या उबदार जागी ठेवावं.

पेटीत कुठला भाग भाजलेला असावा?

पट्ट्यांचं वर सांगितलंच. दुसरा भाग म्हणजे रीडबोर्ड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी रीड ज्यावर बसवतात ती फळी, आणि माझ्या मते तो पट्ट्यांहून महत्त्वाचा. रीडबोर्ड जराही वाकला की हवा भलत्या वाटेने निसटते, भाता जास्त मारावा लागतो, काही सूर उशिरा बोलतात. लोकांना वाटतं रीड खराब झाली. बऱ्याचदा रीड ठीक असते, खालची फळी वाकलेली असते. भाजलेल्या फळीचा रीडबोर्ड सपाट राहतो.

मात्र एक काळजी घ्यायलाच हवी. ताजं भाजलेलं लाकूड बरेच दिवस ॲसेटिक आम्लाची वाफ सोडत राहतं. पेटीचं पोट बंद असतं आणि आत पितळी रीड असतात. युरोपात जुन्या चर्चमधल्या ऑर्गनमध्ये ओक लाकडातून सुटणाऱ्या अशाच वाफेने शिशाच्या नळ्या पोखरल्या गेल्या आहेत. पितळ शिशाइतकं नाजूक नाही, तरी त्यावर हिरवट डाग पडला की सूर ढळतो. म्हणून भाजलेली फळी मी निदान दोन महिने मोकळ्या हवेत उभी ठेवतो, आंबूस वास पूर्ण गेल्याशिवाय रीड बसवत नाही, आणि आतून चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात देतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंडी स्क्रू आपल्या खाऱ्या हवेत तसेही टिकत नाहीत, आम्लाबरोबर तर नाहीच.

बाहेरची पेटी भाजलेल्या लाकडाची करण्यात अर्थ नाही. गाडीच्या टपावरून, होडीतून आणि पालखीमागून फिरणारी पेटी कोपऱ्यावर आपटतेच. तिथे चिवट सागच हवा.

तंबोरा आणि सतारीचं काय?

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोकणातले गाणारे तंबोरा घ्यायला घाट चढून तिकडेच जातात. या वाद्यांना परंपरेने तूण लाकूड वापरतात. ते हलकं असतं आणि मुळातच फारसं वाकत नाही. तबली, म्हणजे भोपळ्यावरची पातळ पाटी, भाजलेली असली तर पावसात ती फुगून जवारी (घोडीवर तार टेकते तिथला घासलेला माथा) बदलण्याचा त्रास कमी होईल असं मानायला जागा आहे, कारण घोडी तबलीवरच बसते आणि केसभर उचलली गेली तरी जवारीचा झंकार हरवतो. भोपळ्याला मात्र हे लागू नाही, तो भाजायची वस्तू नाही.

खुंट्या अजिबात भाजू नका. पावसात खुंटी फुगून अडकते हे खरं, पण पीळ देताना ठिसूळ खुंटी मानेत तुटते आणि अर्धी आत राहते. ती काढणं हे खुंटी अडकण्यापेक्षा मोठं संकट आहे.

गिटारमध्ये कुठे उपयोग होतो?

मान आणि वरची पाटी. भाजलेल्या मेपलची मान हा मला या तंत्राचा सर्वांत निर्विवाद उपयोग वाटतो. मेपल पावसात फार हलतं आणि मान जरा वळली की सगळी गिटार बिघडते. भाजलेली मान ऋतू बदलला तरी पुन्हापुन्हा ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली सळई) फिरवायला लावत नाही.

बाजू मात्र साध्याच ठेवा. बाजू उष्णता आणि ओलाव्याने वाकवतात, आणि भाजलेलं लाकूड वाकत नाही, मोडतं.

कोकणातलं कुठलं लाकूड भाजायला चांगलं?

साग सहसा भाजू नये. त्यात मुळातच तेल असतं, तो मुळातच स्थिर असतो. भाजून तेल उडवायचं आणि वर ठिसूळपणा विकत घ्यायचा, हा तोट्याचा सौदा. शिसवीचंही तेच, शिवाय तिची घनता हीच तिची ताकद आहे.

शिवण हे हलकं, सरळ आणि कमी हलणारं लाकूड. पातळ फळीत ते सौम्य भाजणी नीट सोसतं. मला गिटारच्या पाटीसाठी त्यावर काम करायला आवडतं. फणस तापवला की हळदीचा पिवळा रंग जाऊन जुन्या देवघराच्या खांबासारखा होतो. फळी सरळ रेषांची असेल तरच घ्यावा, कारण उलटसुलट रेषांचा फणस तापताना पिळतो. आंब्याला सर्वांत जास्त फायदा होतो: लाकूड स्वस्त, भरपूर, पण पावसात हलणारं आणि किडीला आवडणारं. भाजल्यावर या दोन्ही खोडी बऱ्याच कमी होतात. पेटीच्या आतल्या फळ्यांना भाजलेला आंबा मी बिनदिक्कत वापरतो.

दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत. चीक देणं थांबलं की ती झाडं सरपणात जातात. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीमध्ये रबराच्या आणि सिल्व्हर ओकच्या लाकडावर उष्णतेचा परिणाम अभ्यासला गेला आहे. आपल्या भागातल्या मेस्त्रींनी या लाकडाकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

बासरीचा बांबू भाजतात, तो हाच प्रकार का?

थोडा जवळचा. बांबू आगीवर फिरवून सरळ करतात तेव्हा लिग्निन मऊ होतं आणि गार झाल्यावर नवा आकार धरतं. पण वेळ मिनिटांचा असतो आणि उष्णता वरवरची, त्यामुळे पाणी घेण्याचा स्वभाव फारसा बदलत नाही. आपला माणगा बांबू बासरीला उपयोगी नाही, तो जवळजवळ भरीव असतो. बासरीला पातळ भिंतीचा, लांब पेरांचा बांबू लागतो आणि तो ईशान्येकडून येतो.

आजोबा चुलीवरच्या माळ्यावर लाकूड ठेवायचे. तेही हेच ना?

त्यांचं काम मोलाचं होतं, पण वेगळं होतं. चुलीवरच्या माळ्यावर लाकूड हाताला सोसेल इतकंच तापतं. तेवढ्या उष्णतेने हेमिसेल्युलोज मोडत नाही. तिथे मिळतं ते सावकाश सुकणं आणि धुराचा थर, ज्याने कीड दूर राहते. पावसाळाभर लाकूड कोरडं राहील अशी घरातली ती एकमेव जागा होती. तुमच्या घरी माळ्यावर मुरलेलं शिवणीचं किंवा फणसाचं लाकूड असेल, तर ते सरपणात देऊ नका. वाद्याला त्याच्याइतकं चांगलं सुरुवातीचं लाकूड मिळत नाही.

घरच्या ओव्हनमध्ये करता येईल का?

१८० अंशांची भाजणी घरात कधीही करू नका. घरच्या ओव्हनमध्ये हवा असते, तापमान एका कोपऱ्यात सांगितल्यापेक्षा कितीतरी वर जातं, आणि लाकडातून निघणारे वायू पेट घेणारे असतात. गॅसच्या ओव्हनमध्ये तर ज्योत शेजारीच. शिवाय त्या वायूंनी डोळे आणि घसा जळतो.

काही गिटारकार पातळ पाट्या साधारण १०० अंशांवर तासदोनतास ठेवतात. त्याने लाकूड पूर्ण सुकतं, आतला ताण निघतो, स्प्रूसमधली राळ घट्ट होते. हे उपयोगी आहे, तरी भाजणं नव्हे. पाट्यांमध्ये पट्ट्या घालून, वर वजन ठेवून, सतत समोर बसून करावं.

आमच्याकडे विजेच्या भट्टीत स्टीलची बंद पेटी आहे आणि तीत नायट्रोजन सोडतो. फळी आधी १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवतो आणि तोलतो. मग तापमान तासाला दहाएक अंशांनी चढवतो. वाद्याच्या पाट्यांसाठी १७०-१८०च्या पुढे जात नाही. झाल्यावर पुन्हा तोलतो. १ किलो कोरडी फळी ९५० ग्रॅमवर आली म्हणजे ५ टक्के घट, आणि रंगापेक्षा हाच आकडा खरं सांगतो. पेटी १०० अंशांच्या खूप खाली येईपर्यंत उघडत नाही, कारण गरम लाकडाला अचानक हवा मिळाली तर ते पेटू शकतं. बाहेर काढल्यावर फळी अगदीच कोरडी असते. ती काही आठवडे साध्या हवेत ठेवून हवा तेवढा ओलावा घेऊ देतो आणि मगच रंधा लावतो.

गोंद आणि पॉलिश नीट बसतं का?

बसतं, घाई केली नाही तर. भाजलेलं लाकूड पाणी पटकन शोषत नाही, म्हणून पाण्यावर चालणारा पांढरा गोंद आणि सरस दोन्ही उशिरा मुरतात. जोड लावायच्या आधी लगेच पृष्ठभाग ताजा रंधून घ्या आणि शिकंजा नेहमीपेक्षा दुप्पट वेळ ठेवा. इपॉक्सीला अडचण येत नाही. चपडीचं पॉलिश सुंदर बसतं. नुसतं लाकूड उन्हात ठेवलं तर तो सुंदर तपकिरी रंग फिका, राखाडी होतो.

वाळवी आणि भुंगा लागत नाही ना?

भुसा पाडणाऱ्या भुंग्याचा त्रास बराच कमी होतो, बुरशीचाही. वाळवी मात्र लागते. वाद्य मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

विकत घेताना लाकूड खरंच भाजलेलं आहे हे कसं ओळखायचं?

नुसत्या रंगावर जाऊ नका, डाग देऊनही रंग येतो. मानेत किंवा पाटीत न दिसणारी एखादी कापलेली कड बघा: घोडीखालचं भोक, खुंटीचं भोक, आवाजाच्या भोकाची कड. रंग आत तसाच असला पाहिजे. नाक लावून वास घ्या. जुन्या मालात तो पुसट होतो, तरी ताज्या भोकात लागतो. ओलावामापकाच्या सुयांवर मात्र विसंबू नका. ही यंत्रं साध्या लाकडासाठी जुळवलेली असतात आणि भाजलेल्या लाकडात खऱ्यापेक्षा वेगळा आकडा दाखवतात.

विक्रेत्याला विचारा: कुठला भाग भाजलेला आहे, आणि कुठल्या तापमानाला? उत्तर गोलमोल आलं तर जादा पैसे देऊ नका.

भाजलेल्या लाकडाचं वाद्य घेतलं. आता पावसात पेटाऱ्याबाहेर ठेवलं तर चालेल?

रात्री पेटाऱ्यातच ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर त्या महिन्याला तव्यावर मंद आचेवर तापवून कोरड्या करा, नाहीतर जुलैत त्याच ओलावा सोडतात. वाद्यातला गोंद, तारा, फ्रेट आणि चामडं साधंच आहे. आणि गिटारची मान खांद्याला लावून चालताना दाराच्या चौकटीला जपा. साधी मान आपटली तर तिला पोचा पडतो, भाजलेली चिरते.